गोकुळ शिरगावातील इमल्शन जॉबवर्क : तीन बॅचनंतरचा अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भिंतींचे रंग आणि टेक्स्चर तयार करणारा माझा छोटा कारखाना आहे. रंगातील भुकटी भिंतीला धरून ठेवणारे बाइंडर, म्हणजे स्टायरिन-ॲक्रिलिक इमल्शन (प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण तरंगत असलेला दुधाळ द्रव), आमच्याकडे वर्षानुवर्षे पुण्याहून पिंपांत भरून येत असे. गेल्या फेब्रुवारीत गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने हे इमल्शन जॉबवर्कवर करून देण्याची तयारी दाखवली. कच्चा माल आणि कृती आमची, रिॲक्टर आणि माणसे त्यांची, असा व्यवहार ठरला. फेब्रुवारी, मे आणि जूनअखेर अशा तीन बॅच मी तेथे काढून घेतल्या आणि तिन्ही वेळा पहिले दोन तास रिॲक्टरपाशी उभा राहिलो. त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण दुसऱ्या बॅचविषयी जे लिहायचे आहे ते कामाविषयी आहे आणि ते कोणाची बदनामी म्हणून वाचले जाऊ नये.

यंत्रसामग्रीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ५०० लिटरचा स्टेनलेस स्टीलचा रिॲक्टर, बाहेरून वाफेचे आणि पाण्याचे जॅकेट, जहाजाच्या नांगराच्या आकाराचा ढवळा, वर कंडेन्सर, शेजारी फीडची, म्हणजे आत हळूहळू सोडायच्या मालाची, टाकी आणि डोळ्याच्या उंचीवर एक काचेची खिडकी, एवढा सगळा संसार आहे. जागा स्वच्छ आहे, जनरेटर आहे, चहा वेळेवर मिळतो. तापमापक दोन ठिकाणी बसवलेले असून दोघांच्या आकड्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक मला कधी दिसला नाही, ही लहान कारखान्यात कौतुकाची गोष्ट आहे. या सेवेचा खरा कस मात्र यंत्रांत लागत नाही. साबणाच्या पाण्यात प्लॅस्टिकचे अदृश्य कण जन्माला येतात त्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तो लागतो, आणि माझ्या तिन्ही बॅचचे बरेवाईट त्याच मिनिटांत ठरले.

पहिल्या बॅचला सकाळी साडेनऊपर्यंत रिॲक्टरमधले पाणी ८० अंशांवर आले होते. त्यात थोडे सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे आमचा साबण, आधीच विरघळलेले होते. स्टायरिन, ब्युटाइल ॲक्रिलेट आणि किंचित ॲक्रिलिक आम्ल साबणाच्या पाण्यात घोटून केलेले प्री-इमल्शन शेजारच्या टाकीत तयार होते. त्यातला शंभरात चार भाग आत सोडला आणि पाठोपाठ बादलीत विरघळवलेले पोटॅशियम परसल्फेट, म्हणजे अभिक्रिया सुरू करणारे इनिशिएटर, ओतले. खिडकीवर बॅटरीचा प्रकाश धरला, तेव्हा आत ढवळलेल्या ताकासारखे करडे-पांढरे पाणी फिरताना दिसत होते. पाच-सहा मिनिटे काहीच घडले नाही. मग पाणी घातलेल्या दुधाच्या कडेला जशी निळसर झाक दिसते, तशी झाक काचेच्या कडेने उमटली आणि तापमापकाचा काटा वाफ बंद असतानाही आपोआप ८३ अंशांवर चढला. ऑपरेटरने वहीत फक्त ‘एक्झोथर्म आला’, म्हणजे अभिक्रियेची उष्णता सुटू लागली, एवढे लिहिले. माझ्या मते संपूर्ण दिवसातली सर्वांत महत्त्वाची नोंद तीच होती.

त्या पाच-सहा मिनिटांत पाण्यात जे घडते ते पाहण्याजोगे असते, पण डोळ्यांना दिसत नाही. स्टायरिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात ते जेमतेम ०.३ ग्रॅम मुरते. उरलेले सगळे मोनोमर, म्हणजे साखळीत अजून न जोडलेले सुटे रेणू, थेंबांच्या रूपात तरंगत राहते आणि हे थेंब साधारण १ ते १० मायक्रॉनचे असतात. साबणाचे रेणू एका मर्यादेपर्यंत पाण्यात सुटे राहतात, ती मर्यादा ओलांडली की ते टोळक्याने एकत्र येतात. लॉरिल सल्फेटच्या बाबतीत शुद्ध पाण्यात ही मर्यादा लिटरमागे सव्वादोन ते अडीच ग्रॅमच्या आसपास असते. साठेक रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून एक गोळी बांधतात. या गोळीला मिसेल म्हणतात. तिचा व्यास चार-पाच नॅनोमीटर भरतो आणि तिच्या पोटात थोडे मोनोमर शिरून बसते. परसल्फेट उष्णतेने फुटले की त्यातून मुक्तमूलके, म्हणजे दुसऱ्या रेणूंना जोडून घ्यायला आसुसलेले तुकडे, निघतात, पण ती विद्युतभारित आणि पाण्यात रमणारी असल्यामुळे तेलकट मिसेलमध्ये सरळ घुसत नाहीत. पाण्यात मुरलेल्या मोनोमरचे दोन-तीन रेणू त्यांना जोडले गेले की त्यांची एक बाजू तेलकट होते आणि तेव्हा कुठे एखादे मिसेल त्यांना आत घेते. आत गेल्याबरोबर साखळी झपाट्याने वाढू लागते. तेथे मिसेल संपते आणि पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळ्यांच्या प्लॅस्टिकचा, कण जन्माला येतो. खिडकीतली निळसर झाक ही या बारीक कणांचीच खूण.

मग हीच मूलके मोनोमरच्या मोठ्या थेंबांत का शिरत नाहीत, असा प्रश्न मला एम.एस्सी.ला असताना पडला होता. उत्तर संख्येत आहे. थेंब आकाराने अवाढव्य असले तरी मोजकेच असतात, मिसेले मात्र त्यांच्या लाखो पटींनी जास्त असतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभागही कितीतरी मोठा असतो. भटकणाऱ्या मूलकाची गाठ पडायची ती मिसेलशीच पडते. थेंबांचे काम गोदामाचे. त्यातले मोनोमर पाण्यातून झिरपत कणांपर्यंत पोहोचते आणि कण ते खाऊन फुगतात. कण वाढले की त्यांच्या पृष्ठभागाला साबण लागतो, तो साबण न फुटलेल्या मिसेलांमधून ओढला जातो, आणि एक वेळ अशी येते की पाण्यात मिसेलच शिल्लक राहत नाही. त्यानंतर नवा कण सहसा जन्मत नाही. जेवढे जन्मले तेवढेच शेवटपर्यंत वाढत राहतात. व्हिनाइल ॲसिटेटसारखी पाण्यात बऱ्यापैकी विरघळणारी मोनोमरे असतील तर गोष्ट थोडी बदलते. तेथे पाण्यातच वाढलेली साखळी एका लांबीनंतर विरघळेनाशी होऊन गुंडाळली जाते आणि मिसेलशिवायही कण तयार होतो. आमच्या कृतीत स्टायरिनचा वाटा मोठा असल्याने त्याचा विचार फारसा करावा लागत नाही.

हे चित्र काही कालपरवाचे नाही. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील नैसर्गिक रबर जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेने स्टायरिन आणि ब्युटाडाइनपासून कृत्रिम रबर याच पद्धतीने मोठ्या प्रमाणावर केले, आणि त्या कामाच्या ओघात कणांचा जन्म नेमका कोठे होतो याचा छडा लागला. हार्किन्स यांनी १९४७ मध्ये मिसेलांचे हे वर्णन मांडले आणि स्मिथ व एवार्ट या दोघांनी १९४८ मध्ये त्याला गणिताची चौकट दिली. त्या गणितानुसार कणांची संख्या साबणाच्या ०.६ व्या आणि इनिशिएटरच्या ०.४ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर साबण दुप्पट केला तरी कण दीडपटच होतात आणि त्यांचा व्यास फक्त १३ टक्क्यांनी घटतो. ‘माल बारीक हवा, तर साबण वाढवा’ हा सल्ला बाजारात सर्रास दिला जातो, तो किती महागात पडतो हे या आकड्यांवरून कळावे.

वाढीचा टप्पाही तितकाच मजेशीर आहे. कण इतका लहान असतो की त्यात एका वेळी दोन मूलके सुखाने नांदू शकत नाहीत. एक आत आले की साखळी वाढू लागते, दुसरे आले की दोघे एकमेकांना भिडून विझतात, आणि तिसरे येईपर्यंत कण स्वस्थ बसतो. त्यामुळे स्टायरिनच्या साध्या बॅचमध्ये कोणत्याही क्षणी सरासरीने निम्मे कण कामावर असतात आणि निम्मे विश्रांतीवर. प्रत्येक मूलक आपापल्या खोलीत एकटे राहिल्यामुळे साखळ्या लांबच लांब होतात आणि तरीही काम वेगाने चालते. एरवी वेग वाढवला की साखळ्या आखूड होतात. इमल्शनमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र साधतात आणि म्हणूनच आमच्यासारख्यांचा धंदा चालतो.

वेगाबरोबर उष्णता येते. ४०० किलोंच्या बॅचमध्ये २०० किलो मोनोमर असते, आणि ते सगळे पॉलिमर होताना सुमारे १ लाख २८ हजार किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत सुमारे ४०० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. म्हणून उरलेले शहाण्णव भाग प्री-इमल्शन एकदम न ओतता तीन तासांत बारीक धारेने सोडायचे असते, जेणेकरून कणांनी आलेले मोनोमर लगेच खावे आणि साठू देऊ नये. या कामात त्या कारखान्याचा हात अतिशय सराईत आहे. तीन तासांत तापमान ८२ ते ८५ अंशांच्या बाहेर गेले नाही आणि मध्येच वीज गेली तेव्हा ऑपरेटरने ढवळा थांबताक्षणी, कोणी सांगण्याची वाट न बघता, फीडची तोटी बंद केली. शाबासकी द्यायची तर ती याला.

पहिल्या बॅचचा निकाल उत्तम होता. १०० मेशच्या नायलॉन गाळणीत ३०० ग्रॅमही गाठी निघाल्या नाहीत आणि काचपट्टीवर ओढलेला थर वाळल्यावर अगदी नितळ दिसला. नमुना मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत पाठवून कणांचा आकार मोजून घेतला, तो सरासरी १४० नॅनोमीटर आला. या आकड्यावरून हिशेब केला तर लिटरभर इमल्शनमध्ये सुमारे सव्वातीन परार्ध कण भरतात. लहानपणी एकं, दहं, शतं म्हणताना परार्ध ही पाठांतराची शेवटची पायरी होती, एकावर सतरा शून्ये. तिचा उपयोग कधी रंगाच्या पिंपात होईल असे वाटले नव्हते. या सगळ्या कणांचा पृष्ठभाग एकत्र पसरला तर तो पाच एकरांच्या आसपास जातो. लिटरभर दुधाळ द्रवात पाच एकर रान आहे आणि त्या रानाच्या इंचाइंचाला साबण पुरवायचा आहे, हे ध्यानात आले की कृतीतला प्रत्येक ग्रॅम वेगळा दिसू लागतो.

मे महिन्यातली दुसरी बॅच बिघडली. कृती तीच, माल तोच, ऑपरेटरही तोच होता. खिडकीतून पाहताना निळी झाक नेहमीच्या वेळी आलीच नाही. पंधराव्या मिनिटाला पाणी एकदम खडूसारखे पांढरे झाले. मी फीड थांबवण्याची विनंती केली, पण पाळीवरच्या रसायनतज्ज्ञाने ‘तापमान बरोबर आहे, माल होईल’ असे सांगून काम पुढे नेले. गाळताना अडीच किलो गाठी निघाल्या, ढवळ्याच्या पात्यांना रबरासारखा थर चिकटला होता, आणि कणांचा आकार २६० नॅनोमीटर आला. व्यास दुपटीहूनही कमी वाढला असला तरी आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे कणांची संख्या सहा पटींहून अधिक घटली होती. सव्वातीन परार्धांचे जेमतेम अर्धा परार्ध झाले होते. या बाइंडरचा रंग ओल्या फडक्याने घासला की फडक्यावर उतरत होता.

कारण दोन दिवसांनी कळले. त्यांच्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याच्या यंत्रातले क्षार शोषणारे रेझिन रिजनरेशनला, म्हणजे धुऊन पुन्हा ताजे करायला, गेले होते आणि टाकीत बोअरचे पाणी भरण्यात आले होते. त्या परिसरातले बोअरचे पाणी जड आहे, हे साबण न फेसाळणाऱ्या त्यांच्याच हात धुण्याच्या बेसिनवर कोणालाही कळावे. जड पाण्यातले कॅल्शियम लॉरिल सल्फेटला बांधून ठेवते, त्यामुळे कामाचा साबण कमी उरतो. त्याहून वाईट म्हणजे कणांवरच्या ऋण विद्युतभारामुळे ते एकमेकांना जे दूर ढकलत असतात, तो जोरच हे कॅल्शियम मोडून काढते. नुकत्याच जन्मलेल्या दहा-वीस नॅनोमीटरच्या कणांना तो मार सोसत नाही. ते एकमेकांना चिकटून थोडे आणि मोठे होतात. पुढे तीन तास फीड कितीही हळुवार दिली तरी झालेली हानी भरून निघत नाही, कारण खाणारी तोंडेच कमी झालेली असतात. कारखान्याने चूक मान्य करून जॉबवर्कची निम्मी रक्कम सोडली. मोनोमरचा खर्च मात्र माझ्याच अंगावर पडला, आणि तो माल मी शेवटी आतल्या भिंतींच्या स्वस्त प्रायमरमध्ये जिरवला.

तिसऱ्या बॅचची कल्पना तेथल्या सर्वांत जुन्या पर्यवेक्षकांची होती. हे काका जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वीस वर्षे पॅनवर, म्हणजे पाकातून साखरेचा दाणा धरवणाऱ्या भांड्यावर, होते. दुसऱ्या बॅचच्या गाठी हातात घेऊन ते मला म्हणाले, “सायब, दाणा एकदा पडला की पडला. मागनं नुसता पोसायचा आसतोय. आमी पॅनला बी टाकत हुतो की, तसं हितंबी टाका.” साखरेच्या पॅनमध्ये पाक आपोआप दाणा धरेपर्यंत थांबत नाहीत, तर साखरेचे बारीक वाटलेले बी सोडतात, म्हणजे दाण्यांची संख्या हातात राहते आणि साखर एकसारखी एस किंवा एम दर्जाची उतरते. इमल्शनमध्येही हेच करता येते. एकदा काळजीपूर्वक केलेले लहान कणांचे बियाणे साठवून ठेवायचे आणि प्रत्येक बॅचला मोजून घालायचे, म्हणजे जन्माचा जुगार दरवेळी खेळावा लागत नाही. साखरेचा दाणा हा स्फटिक आहे आणि आमचा कण मोनोमरने फुगलेला मऊ गोळा आहे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण मोजणीपुरती ती तंतोतंत लागू पडते. ८० नॅनोमीटरचे बी १६० नॅनोमीटरपर्यंत वाढवायचे असेल तर बियाण्यातल्या पॉलिमरच्या सातपट नवे पॉलिमर त्यावर चढवावे लागते, एवढे सरळ गणित आहे.

बियाणे त्यांनी स्वतःच्या पाण्याने, या वेळी डीएमच्या, नीट केले. बॅचही देखणी निघाली. गाठी नाहीत, वेळ नेमका, झाक निळी. अहवालात मात्र कणांचे दोन गट दिसले, एक १५० नॅनोमीटरच्या आसपासचा आणि दुसरा ६० च्या. चौकशी केली तेव्हा समजले की मागच्या गाठींची धास्ती घेऊन ऑपरेटरने फीडमध्ये साबण सढळ हाताने वाढवला होता. बियाण्याच्या पृष्ठभागाला लागेल त्याहून जास्त साबण मिळाल्यावर पाण्यात पुन्हा मिसेले बांधली गेली आणि वाढीच्या मध्यावर नव्या कणांची दुसरी पिढी उभी राहिली. साखरवाले ज्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, तोच हा प्रकार. काकांनी आकडे ऐकून फक्त मान हलवली.

कोणी म्हणेल, बारीक कण वाढले तर बिघडले काय? भिंतीच्या छिद्रांत बारीक कण चांगले शिरतात हे खरे आहे. पण जादा साबण रंगातच राहतो आणि कोल्हापुरात जुलैमध्ये त्याचा हिशेब होतो. रंकाळ्याच्या बाजूला एका बंगल्याची पश्चिमेकडची भिंत आम्ही या बाइंडरने रंगवली. रंग पुरता मुरण्याआधीच चार दिवसांची झड लागली आणि खिडक्यांच्या खाली गोगलगाय फिरल्यासारखे चकाकणारे ओघळ उमटले. पाण्याने धुतल्यावर ते गेले, रंगही पक्का राहिला, पण मालकांना ते समजावून सांगताना माझी अर्धी दुपार गेली.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. शेवटी उरणारे मोनोमर संपवण्यासाठी ६० अंशांवर हायड्रोपेरॉक्साइड आणि रोंगालाइटची जोडी देण्याचे काम ते व्यवस्थित करतात. आमच्याकडे इचलकरंजीच्या कापड छपाईवाल्यांमुळे रोंगालाइट कोणाला नवे नाही. पिंप उघडल्यावर स्टायरिनचा उग्र वास मला तिन्ही वेळा आला नाही. अमोनियाने पीएच ८ च्या आसपास आणून देतात. वेळ पाळतात. तक्रार आहे ती त्यांच्या चाचणीपत्राबद्दल. त्यावर घन पदार्थाचे प्रमाण, पीएच आणि चिकटपणा एवढेच तीन रकाने आहेत, आणि माझ्या तिन्ही बॅच, ती बिघडलेलीसुद्धा, या कागदावर उत्तीर्ण आहेत. घन पदार्थ तिन्ही वेळा ५० टक्केच भरला, कारण तो आम्ही किती माल घातला हे सांगतो. तो किती कणांत वाटला गेला याचा कागदावर पत्ताच नाही. झाक किती मिनिटांनी आली, तापमान किती चढले, पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) किती होता, या नोंदी ठेवायला एक पेन पुरतो. त्या न ठेवण्याला मी हयगय म्हणतो.

दराचे म्हणाल तर पुण्याहून तयार बाइंडर आणण्यापेक्षा किलोमागे तीन-साडेतीन रुपये वाचतात, आणि दुसऱ्या बॅचचे नुकसान धरले तर यंदा काहीच वाचलेले नाही. ज्याला स्वतःची कृती नाही आणि रिॲक्टरपाशी उभे राहायला सवड नाही, त्याने तूर्त तयार पिंपच घ्यावे असे मी सुचवीन. ज्याला कृती कळते आणि सकाळचे दोन तास काढता येतात, त्याला एवढे कसबी हात कोल्हापूरच्या आसपास मिळणे सोपे नाही. मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण काकांचा आहे.

दिवाळीनंतरची बॅच मी त्यांच्याकडेच लावली आहे. वर्कऑर्डरमध्ये या वेळी तीन अटी लिहून घेतल्या आहेत. पाण्याचा टीडीएस माझ्यासमोर मोजायचा, फीडमधला साबण माझ्या सहीशिवाय वाढवायचा नाही आणि निळी झाक दिसेपर्यंत मुख्य फीडची तोटी उघडायची नाही. बियाण्याचे दोन कॅन काकांनी आताच बाजूला काढून त्यावर तारीख घातली आहे.